दिवा विझल्यानंतरची सहा मिनिटं

"आता दिवा विझेल," मी म्हणाले. "नीट ऐका हं. टक् असा बारीक आवाज येतो."

आगाशेकाकांच्या दिवाणखान्यात अकरा माणसं डोळे मिटून बसली होती. रविवारची सकाळ, दहाचा सुमार. मिरजेहून पुण्यात नोकरीला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि या ऐकणाऱ्यांच्या मंडळात मी सर्वांत नवी, सर्वांत लहान. मंडळाचा नियम साधा होता. दर रविवारी एकानं एक रेकॉर्ड निवडायची, आधी तिच्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं आणि एकदा सुई टेकली की चहासाठीसुद्धा तोंड उघडायचं नाही. तो नियम मी आत्ताच मोडला होता, पण सगळ्यांनी चालवून घेतलं. माझी पहिलीच पाळी होती.

मी निवडला होता 'द ग्लास लाइटहाउस'. ज्यांना प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड आहे, त्यांच्या घरात या अल्बमचं नाव देवासारखं घेतात. मुखपृष्ठावर नांगरलेल्या शेतात उभं असलेलं काचेचं दीपगृह. दुसऱ्या बाजूला एकच गाणं, तेवीस मिनिटांचं. दीपगृहाचा राखणदार, मग वादळ, मग दिवा विझतो, मग पहाट. माझ्याकडं हा अल्बम कॅसेटवर होता, पंधराव्या वर्षापासून. दिवा विझल्यानंतरची सहा मिनिटं मी किती वेळा ऐकली असतील याचा हिशेब नाही. तिथं ड्रम थांबतात, गाणारा थांबतो. उरते एकटी गिटार, आणि तिच्या मागं पसरलेला एकच सूर. जणू त्या माणसाला आता समुद्रच तेवढा ऐकू येतोय.

माझ्या दहा मिनिटांतली आठ मी त्या सहा मिनिटांवरच खर्च केली होती. "साधारण तिसऱ्या मिनिटाला," मी सांगितलं होतं, "एक सूर किंचित चढतो. रेषेच्या वर जातो. चूक नाही ती. मुद्दाम केलंय. एकटा माणूस स्वतःशी बोलता बोलता जरा मोठ्यानं बोलून जातो ना, तसा."

आगाशेकाकांनी 'वा!' म्हटलं होतं. मी मोहरून गेले होते.

वादळ शिगेला पोचलं. ड्रम थांबले.

टक् झालंच नाही. चर्चमधला असावा तसा ऑर्गन सुरू झाला. भव्य, भरजरी. त्यावर चाळीस-पन्नास गळ्यांचा समूहस्वर चढला, लाटेवर लाट. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. आणि मी ताडकन उभी राहिले.

"थांबवा! ही रेकॉर्ड चुकीची आहे."

काकांनी सुई उचलली. भलामोठा दिवाणखाना एकदम रिकामा वाटायला लागला.

"चुकीची म्हणजे?"

"हा भाग यात नाहीच. मधली सहा मिनिटं कापलीत कुणीतरी. गिटार कुठंय?"

काकांनी शांतपणे कव्हर माझ्या हातात दिलं. त्यांच्या पुतण्यानं विलायतेतून आणलेली पहिल्या वर्षीची रेकॉर्ड होती ती. मागं बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. तिसरा भाग, ऑर्गन अमुक, समूहस्वर अमुक चर्चचा. गिटारचं नावही नव्हतं.

"अहो, हाच तर जगप्रसिद्ध भाग," मंडळातले देव नावाचे गृहस्थ म्हणाले. चष्मा पुसत, गालातल्या गालात हसत. "पण असेल हं. मिरजेला वेगळी आवृत्ती निघाली असेल. मिरज आवृत्ती!"

सगळे हसले. दुष्टपणानं नव्हे, पण हसले.

"माझ्याकडं कॅसेट आहे," मी म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "पुढच्या रविवारी आणते."

"आणा की," देव म्हणाले. "आम्ही पण ऐकू, दिवा कसा विझतो ते."

सुई पुन्हा टेकली. ऑर्गन परत सुरू झाला. मी शेवटपर्यंत बसून राहिले आणि त्या ऐश्वर्यातला एक कणही माझ्या आत उतरला नाही. नऊ वर्षं ज्या घरात राहिले, त्याची किल्ली कुलपाला लागेना झाली, असं काहीतरी वाटत होतं.

*

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळची मिरज एसटी धरली. कॅसेट पर्समध्ये. ती मला दिली होती माझ्या दादानं, उल्हासदादानं. त्यानं ती कुठून भरून आणली एवढं विचारलं की झालं, असं मी स्वतःला सांगत होते. एखादी दुर्मिळ आवृत्ती असेल, एखाद्या जाहीर कार्यक्रमातली असेल. देवांच्या तोंडावर नेऊन आपटायची.

पण कराड मागं पडलं, तसं मला काही दुसरंच आठवायला लागलं. नको असताना.

आमच्याकडं तंबोरे बनवतात. आप्पा, म्हणजे वडील, आणि त्यांच्या हाताखाली दादा. भोपळा कापण्यापासून रंगापर्यंत सगळं दोघं करायचे, पण शेवटी मला हाक पडायची. तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा कानसून कानसून असा करायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. याला जवारी काढणं म्हणतात. केसभर जास्त घासलं की आवाज फुटतो, केसभर कमी की मुका राहतो. कुठं थांबायचं ते आप्पा माझ्याकडून ठरवून घेत. फ्रॉक घालत होते तेव्हापासून. "वैजू, हिकडं ये. बग खुललाय का." मी ऐकायची, सांगायची. मी 'अजून' म्हटलं की अजून, 'पुरे' म्हटलं की पुरे. गिऱ्हाइकांना आप्पा अभिमानानं सांगत, "हात माजा, पर कान पोरीचा."

दादाला तंबोऱ्यांचा राग नव्हता. पण त्याचा जीव गिटारवर होता. कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलेली एक जुनी गिटार त्यानं उभी केली होती. दुपारी आप्पा जेवून आडवे झाले की माळ्यावर जाऊन वाजवायचा. मी अठरा वर्षांची असताना पुण्याच्या एका वाद्यवृंदाकडून त्याला बोलावणं आलं. चांगल्या लोकांचा होता तो वाद्यवृंद. ये, सहा महिने राहा, जमलं तर कायमचा.

आप्पा दोन दिवस नुसते भोपळे कापत राहिले. तिसऱ्या दिवशी कारखान्यातच सतरंजी टाकून म्हणाले, "वाजव. वैजू ऐकंल. तिनं व्हय म्हटलं तर जा. माज्या मनात काय बी न्हाई."

दादानं माझ्याकडं पाहिलं आणि हसला. खात्रीचं हसू. मग त्यानं वाजवायला सुरुवात केली, आणि पहिल्या तीन सुरांतच मी ओळखलं. कॅसेटमधला भाग! दिवा विझल्यानंतरचा. गिटारला त्यानं रुंद, सतारीसारखी घोडी बसवली होती, तशीच गुंज यावी म्हणून. पाचसहा मिनिटं तो वाजवत होता. मला ते आवडलं, पण प्रत्येक ठिकाणी मूळ आठवत होतं आणि प्रत्येक ठिकाणी हे जरा कमी पडत होतं. तिसऱ्या मिनिटाला एक सूर चढला.

"काय गं?" आप्पा म्हणाले.

मी खरं बोलले. लहानपणापासून त्या जागेवर बसून मी खरंच बोलत आले होते. "हात चांगला आहे. पण ही त्या कॅसेटची नक्कल आहे, आप्पा. आवाजसुद्धा तसाच काढायला बघितलाय. आणि मध्ये बेसूर झाला."

दादानं गिटार भिंतीला टेकवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं चिडेल, भांडेल. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाला आणि कानस घेऊन बसला.

तो पुण्याला गेला नाही. चार वर्षांनी मी गेले.

*

मिरजेला उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आप्पा कारखान्याच्या दारात वाळायला ठेवलेल्या भोपळ्यांवर टिचक्या मारत होते.

"आलीयास? न कळवता? बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे, आप्पा. दादा कुठंय?"

"रंगाला लाख आणाया गेलाय. यील इतक्यात." मी पर्समधून कॅसेट काढून बाकावर ठेवली, तशी त्यांनी ती उचलली आणि लांब धरून डोळे बारीक केले. "आरं तिच्या! ही अजून हाय व्हय? माज्या जिवाला किती घोर लागलावता हिच्यापायी."

"हिच्यापायी? का?"

"आगं, मीच बिगडवली हुती की."

आमच्याकडं एक पद्धत आहे. वाद्य घराबाहेर पडायच्या आधी त्याचा आवाज पाचदहा मिनिटं टेपवर भरून ठेवायचा. पुढं कधी दुरुस्तीला परत आलं, तर त्याचा मूळ गळा माहीत पाहिजे, असं आप्पा म्हणत. फडताळात अशा कॅसेटींची रांगच होती. गावाचं नाव, बाईंचं नाव, पट्टी.

"अकोल्याच्या बाईंचा तंबोरा," आप्पा सांगत होते. "गाडी दारात हुबी. मी घाई घाई टेपमदी हुती तीच कॅसेट दाबली. सा-सा सुरू. मागनं उल्हास आला न् डोस्क्याला हात लावून बसला. त्येच्या इंग्रजी गाण्यावर माजा तंबोरा! दोन दिस जेवला न्हाई शाणा. तू न्हवतीस. मावशीकडं हुतीस, परीक्षेची सुट्टी."

"आणि मग?"

"मग काय. करतो म्हनला कायतरी. केलं आसंल."

फडताळावरचा जुना टेप मी खाली घेतला, कॅसेट घातली आणि अंदाजानं पुढं नेली. वादळ. ड्रम थांबले. टक्.

तो टक् मी आजवर शेकडो वेळा ऐकला होता. दिवा विझतो तो. आणि मी त्या टेपसमोर बसले होते, ज्याचं लाल बटण खाली दाबलं की असाच आवाज येतो.

मग गिटार. मागं एकच सूर, तंबोऱ्याचा. आणि तार नुसती वाजत नव्हती, गुंजत होती. जवारी होती तिला. लहानपणापासून जवारी पारखणारी मी, विलायतेतल्या गिटारला जवारी कुठून आली असा प्रश्न मला नऊ वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"हे आमच्या घोडीचं काम," आप्पा सहज म्हणाले. "कुनाचं हाय?"

मी मान वर केली. दारात दादा उभा होता, हातात लाखेची पुडी. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आप्पा, चहा सांगा की आत," तो म्हणाला. आप्पा एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत आत गेले.

दादानं टेप बंद केला नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि ऐकत राहिला, तसा तो दुसऱ्याच्या हातचा तंबोरा ऐकतो, मान जरा तिरकी करून.

"तू आहेस," मी म्हणाले.

"हं."

"का सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होतो. दुसऱ्या टेपवर तंबोऱ्याची एक कॅसेट लावली आणि त्या बिघडलेल्या जागेत वाजवून भरलं. मावशीकडनं आलीस, तुला ऐकवली. गंमत करायची म्हणून. मधे तूच म्हणशील, दादा हे काय रे, तुझंच आहे की. माझं वाजवणं रोज ऐकायचीस माळ्यावर." तो जरा हसला. "तू काय म्हणालीस आठवतं?"

मला आठवत होतं. आठवायला नको होतं.

"'दादा, हे कोण वाजवतंय? आपल्याकडं असं कोण वाजवणार!' डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. म्हटलं, राहू दे. चार दिवस राहू दे. लई भारी वाटत होतं मला ते. तुझ्या तोंडून, माझं नाव न घेता."

"चार दिवस? तीन वर्षं गेली मधे! आणि त्या दिवशी? आप्पांसमोर? तेव्हा तोंड शिवलं होतं तुझं?" माझा आवाज चढला. "मला साक्षीला बसवलंस आणि खरं काय ते लपवलंस. फसवलंस मला. काल अकरा माणसांसमोर माझं हसं झालं, ते जाऊ दे. पण तुझं आयुष्य माझ्या तोंडून ठरवून घेतलंस तू!"

"मी लपवलं?" तो इतक्या हळू बोलला की मला पुढं वाकावं लागलं. "वैजू, मी तेच वाजवलं की. सुरापासनं सुरापर्यंत तेच. मनात म्हटलं, आता ओळखेल. आता उठून म्हणेल, आप्पा, कॅसेटमधला हाच! माझं गुपित तिथं उघडायचं होतं मला, तुझ्या तोंडनं. आणि तू म्हणालीस नक्कल."

टेपवर तिसरं मिनिट आलं. सूर चढला. रेषेच्या किंचित वर. आम्ही दोघांनी एकदमच तो ऐकला, आणि एकमेकांकडं पाहायचं टाळलं.

"तेव्हा तरी सांगायचंस," मी म्हणाले. आता रडत होते. "म्हणायचंस, अगं खुळे, तो मीच."

"आणि मग? तू म्हणाली असतीस, बरं बरं, मग छान आहे. दया म्हणून. मला ते नको होतं." त्यानं लाखेची पुडी सोडली, परत बांधली. "शिवाय मला वाटलं, खरंच असेल. तुझा कान कधी चुकलाय? कॅसेटवर जमलं ते चुकून जमलं असेल. परत जमत नाही तो कसला वाजवणारा. रोज बसायचो नंतर माळ्यावर. जितकं त्याच्यासारखं करायला जावं तितकी खरंच नक्कल व्हायची. मग सोडलं."

"गिटार कुठंय?"

"तिची घोडी काढून सांगलीच्या एका सतारीला लावली. घोडीचं हाड चांगलं होतं."

आतून कपांचा आवाज आला. मी डोळे पुसले आणि जे विचारायला नको होतं, तेच विचारलं. दुसरं काही सुचेना.

"दादा, तो सूर. तिसऱ्या मिनिटाचा. तो मुद्दाम चढवलेला, का चुकला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. सहा वर्षांपूर्वी सतरंजीवर पाहिलं होतं, अगदी तसं.

"कान तुझा आहे," तो म्हणाला. "तू सांग."

*

पुढच्या रविवारी मी आगाशेकाकांकडं गेले नाही. नंतरही नाही. देवांनी 'मिरज आवृत्तीचं काय झालं' असा निरोप एकदा धाडला होता. त्याला उत्तर दिलं नाही.

'ग्लास लाइटहाउस' मी आता पूर्ण ऐकला आहे, खरा, ऑर्गनसकट. थोर आहे. मला कळतं की थोर आहे. त्या चाळीस-पन्नास गळ्यांनी कुणाच्या डोळ्यांत पाणी यावं, यात नवल काही नाही. पण तो ऑर्गन सुरू झाला की मला वाटतं, माझ्या घरातल्या माणसाला उठवून हे लोक त्याच्या जागेवर बसलेत. आणि लगेच वाटतं, उठवलं कुणी? त्यांनी नाही.

पुढं लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हा बारशाला दादा आला होता. आत पाळण्यात ती किंचाळत होती, बायका दमल्या होत्या. मी टेप लावला. टक् झालं आणि ती उचकी देऊन गप्प झाली, डोळे विस्फारून. दादा दारात थबकला. हातात पेढ्यांचा खोका तसाच. सहाच्या सहा मिनिटं उभा राहिला. आत आला नाही, गेलाही नाही. पहाटेचे ड्रम सुरू झाले तसा म्हणाला, "झोपली बघ," आणि मांडवाकडं गेला.

आता रोज दुपारी ती त्या सहा मिनिटांवरच झोपते. मी शेजारी बसून असते, एक हात तिच्या पोटावर. बँड परत यायच्या आत बंद करायचं, एवढं एक पथ्य मी पाळते. बटणाच्या आवाजानं ती कधी कधी चाळवते, मूठ उघडते, मिटते.

तिसऱ्या मिनिटाला तो सूर येतो. मी रोज कान देऊन ऐकते. एक दिवस दादाला उत्तर द्यायचं आहे. कधी वाटतं चुकला. कधी वाटतं, नाही, त्याला तिथंच जायचं होतं. आणि मग, सांगून टाकावं असं वाटेपर्यंत, तो सूर खाली आलेला असतो.